खानापूर कचेरीसमोरचं टायपिंगचं दुकान: साडेतीन तारे, आणि उरलेले दीड का कापले ते

आधी पत्ता सांगते, कारण पाटीवरची अक्षरं उन्हानं उडालीत आणि मॅपवरची खूण शेजारच्या चपलांच्या दुकानावर पडते. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर, तिथं तालुका कचेरीसमोरून जी गल्ली आत जाते, तिच्यात डाव्या हाताला निळं शटर. बाहेर एक बाकडं, त्याचा एक पाय विटेवर. आत दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचं यंत्र आणि मधल्या खुर्चीत मामा. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. "नाव घातलंस तर लोक नावानं शिव्या देतील. दुकान म्हण."

मी जांबोटी भागातल्या एका ग्रामपंचायतीची मेंबर, ही दुसरी टर्म. या दुकानात उतारे, उत्पन्नाचे दाखले, शाळेचे अर्ज असली किरकोळ कामं बरीच केली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कुठंही होतात. लिहायला बसले ते एका सहा पानी करारासाठी. गेल्या दीड वर्षात तीन गावांतनं मला फोन आले, "तुमचा तो पाण्याचा कागद कुठं केलासा?" प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाच इथं.

दर पहिल्यांदा. मराठी टायपिंग पानाला ४० रुपये, कन्नड ५०. दोन्ही भाषा शेजारी-शेजारी हव्या असतील तर ११०. बेरीज चुकली वाटेल, पण वरचे वीस मधल्या आखणीचे. ई-स्टॅम्प त्यांच्याकडे नाही, आम्ही तो सोसायटीतनं आणला. नोटरी त्यांच्या ओळखीचे आहेत, त्यांची फी त्यांना.

आता काम काय होतं ते. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला गवळी-धनगरांचा वाडा आहे. अकरा घरं, त्रेचाळीस माणसं, नव्वदेक म्हशी. वाड्याच्या वर झरा. गाव खाली, सहाशे वस्तीचं. चाळीसेक वर्षांपूर्वी गावानं त्या झऱ्याला पाइप लावला आणि खाली टाकी बांधली. वाड्याला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. पावसाळ्यात काही जाणवत नाही, आमच्याकडे जून ते सप्टेंबर छत्रीचा उपयोग फक्त चिखलात टेकायला. पण एप्रिल उजाडला की झऱ्याखालचा डबरा आटतो. म्हशी तिथं पाणी प्यायच्या. पाणी सगळं पाइपात गेलं, डबऱ्यात काय राहणार?

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका रात्री पाइप तुटला. कुणी तोडला ते सगळ्यांना ठाऊक, तरी पोलिसांत अर्ज गेला तो 'अज्ञात इसमांनी' असा. मग गावातल्या काही घरांनी वाड्याचं दूध बंद केलं. वाड्यावरचा खवा बेळगावला कुंदा नावाच्या मिठाईसाठी जातो. तो नेणारा टेम्पोवाला आमच्याच गावचा, त्यानंही हात वर केले. मे महिन्यात खवा दोन दिवस पडून राहिला तर काय होतं ते मी सांगायला नको.

पंचायतीत या एका विषयावर सात बैठका झाल्या. सातही ठरावांच्या नकला माझ्याकडे आहेत. मूळ कन्नडमध्ये, मराठीत सांगायचं तर प्रत्येकाचा शेवट एकच: 'सदर प्रश्नी पंचायतीने सर्वतोपरी सहकार्य करण्याचे सर्वानुमते ठरले.' सातपैकी चारांवर माझीही सही आहे. तेव्हा ते वाक्य मला चांगलं वाटायचं.

हे सात कागद घेऊन मी, वाड्यावरचे थोरले आजोबा आणि गावचे दोघं असे मामांकडे गेलो, आठवा करायला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सगळे वाचले. त्यांना दोन्ही भाषा सारख्याच येतात. शाळा मराठी, नोकरी कन्नड, त्यांच्या वयाच्या खानापूरकरांचं हेच. वाचून झाल्यावर नकला टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि विचारलं,

"सहकार्य म्हणजे किती लिटर?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. गावच्या दोघांतला एक म्हणाला, "लिटर कसं सांगायचं ओ मामा, झरा आहे तो, मीटर नाही." मामा म्हणाले, "मग मोजून या की. पंधरा लिटरची कॅन आणि घड्याळ. दर आठवड्याला. मे संपल्यावर या." आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा आधार कार्डाचा कागद मशीनमध्ये सरकवला. शंभर रुपये मिळाले असते, तेही त्यांनी सोडले. मला राग आला होता हे कबूल करते. येताना एसटीत, म्हणजे कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये, आजोबांना म्हटलं, हा माणूस दुकान चालवतो की शाळा?

पण मोजलं. वाड्यावरची एक सून आणि आमचा वॉटरमन, दोघांनी मिळून, म्हणजे नंतर कुणी कुणाला खोटं पाडू नये. एप्रिलच्या सुरुवातीला कॅन भरायला अठरा सेकंद लागायचे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात चाळीस. जूनमध्ये आकडे घेऊन गेलो तेव्हा मामांनी कॅल्क्युलेटर काढला, आणि पुढची वीस मिनिटं बाकड्यावरची सगळी गिऱ्हाइकं दारात येऊन बघत होती.

अठरा सेकंद म्हणजे दिवसाला ७२,००० लिटर. चाळीस सेकंद म्हणजे ३२,४००. गरज किती? जलजीवन मिशन २०१९ ला आलं, आपल्या राज्यात त्याला 'मनेमनेगे गंगे' म्हणतात, त्यात माणशी रोज ५५ लिटर धरलेत. गावची सहाशे माणसं, ३३,००० लिटर. वाड्याची त्रेचाळीस, २,३६५. इथपर्यंत गावच्या दोघांचे चेहरे खुललेले. अडीच हजार लिटर तर वाड्याला, द्या की! तेवढ्यात आजोबा पहिल्यांदा बोलले. "आणि म्हशी?"

सरकारी ५५ लिटरांत म्हैस नाही. उन्हाळ्यात एक म्हैस पन्नास-साठ लिटर सहज ओढते. मामांनी साठ धरले. नव्वद म्हशी, ५,४०० लिटर. वाड्याचे एकूण ७,७६५ झाले, ते ८,००० धरले. गाव आणि वाडा मिळून ४१,०००. म्हणजे एप्रिलात भांडायचं कारणच नाही, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात रोज ८,६०० लिटर कमी. सात बैठकांत आम्ही ज्याच्यावर गळे काढले ते भांडण एवढंच होतं. वर्षातले साधारण वीस-पंचवीस दिवस आणि दोन टँकर.

गावातल्या तरण्या पोरांचं म्हणणं होतं की कोर्टात जाऊ. त्यांच्यातला एक त्या दिवशी दुकानात आला होता. मामा त्याला म्हणाले, "कणकुंबी तुझ्या गावापासून किती लांब? मलप्रभा तिथं उगवते, म्हादई नदीचं कर्नाटक-गोव्याचं भांडण तिथलंच. लवाद बसला २०१० ला, निवाडा आला २०१८ ला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. गॅझेटात छापायला २०२० उजाडलं. अजून सुप्रीम कोर्ट चाललंय. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून तिथंच. तू आता किती वर्षांचा?" पोरगा २००३ चा होता.

कायद्याचं मामांनी थोडक्यात सांगितलं. १८८२ च्या इझमेंट कायद्यात, म्हणजे वहिवाटीच्या हक्काच्या कायद्यात, वीस वर्षं उघड, बिनहरकत वहिवाट लागते, सरकारी जमिनीवर तीस. वाड्याची वहिवाट पिढ्यांची, पण गावाचा पाइपही चाळीस वर्षांचा. "दोघांचे वकील एकच कलम वाचून दाखवतील, आणि दोघं तुमच्याकडनं पैसे घेतील."

आता खरं भांडण पंचायतीशी झालं, ते सांगते. कारण या दुकानाला मी तारे दिले ते मुख्यतः त्यासाठी. करारात दोन पक्ष असणार असं सगळ्यांनी धरलेलं. गाव एक, वाडा एक. पंचायत मध्यस्थ, शेवटी साक्षीदार म्हणून सही. मामांनी मसुद्यात पंचायतीला तिसरा पक्ष म्हणून घातलं. आमचे पीडीओ साहेब, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, उखडले. "पंचायत पार्टी कशाला? उद्या आमच्यावर केस होईल." मामा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच घातलंय."

पीडीओ साहेब उठून निघाले होते, त्यांना थांबवलं मामांच्या मुलीनं. ती बेळगावात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला, संध्याकाळी दुकानात कन्नड टायपिंग करते. तिला पाण्याच्या कायद्यावर काहीतरी लिहायचं होतं, त्यासाठी अमेरिकेतले आदिवासींचे खटले तिनं वाचलेले. मला आधी वाटलं, पोरगी पुस्तकी बोलणार. पण तिनं सांगितलेलं आमच्या व्हाळाशी इतकं जुळत होतं की आजोबा पुढं सरकून ऐकायला लागले.

मोंटाना राज्यात मिल्क नावाची नदी. फोर्ट बेलनॅप ही तिथल्या जमातींसाठी १८८८ ला राखून ठेवलेली जमीन. वरच्या अंगाला नंतर आलेल्या शेतकऱ्यांनी पाणी वळवलं आणि खाली राखीव जमीन कोरडी पडली. १९०८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जमीन राखून ठेवली तेव्हाच तिच्याबरोबर पाणीही राखून ठेवलं गेलं. हक्क जमातींचा, आणि तोही जुना. पण निकालानं नदीत पाणी वाढत नाही. दोन-तीन पिढ्या तेच पाणी वापरणारे शेजारी कुठं जाणार? म्हणून पुढं बऱ्याच ठिकाणी बसून तडजोडी झाल्या.

न्यू मेक्सिकोत पोहोआके खोऱ्यातला दावा १९६६ ला सुरू झाला. चार पुएब्लो, म्हणजे जुन्या आदिवासी वस्त्या. नांबे, पोहोआके, सान इल्देफोन्सो आणि तेसुके. समझोत्याला कायद्याचं रूप मिळालं ते २०१० च्या डिसेंबरात. तो फक्त जमाती आणि दिल्ली, म्हणजे त्यांची वॉशिंग्टन, यांच्यातला नव्हता. राज्य सरकारनं सही केली, सांता फे शहरानं केली, सांता फे काउंटीनंही केली. काउंटी म्हणजे समजा आपली जिल्हा पंचायत. रिओ ग्रांदे नदीचं पाणी आणून पुएब्लोंना आणि शेजारच्या बिगर-आदिवासी घरांना एकाच योजनेतनं द्यायचं, आणि त्यात काउंटीचा वाटा. विरोध झालाच. खासगी विहिरीवाले गप्प बसतात होय? "पण साहेब," मुलगी पीडीओंना म्हणाली, "काउंटी बाजूला उभी राहून 'आमचा पाठिंबा आहे' एवढंच म्हणाली असती तर पाइप कुणी घातला असता?"

त्याच राज्यातल्या ताओसचं तिनं आणखी एक सांगितलं, ते तर आम्ही उचललंच. तो दावा १९६९ चा, कायदा तोच २०१० चा. तिथं सही करणाऱ्यांत गावाच्या पाटांच्या संघटना होत्या. तिकडं पाटाला असेकिया म्हणतात आणि पाटकऱ्यासारखा माणूस पाळ्या लावतो. ताओस पुएब्लोचा हक्क कागदावर पुरा लिहिला, पण सगळं पाणी एकदम उचलणार नाही हे पुएब्लोनं मान्य केलं. हक्क पुरा, उचल ठरलेली.

हे ऐकल्यावर आजोबा म्हणाले, "आमचं तसंच लिहा. झरा आमचा म्हणून लिहा. प्यायला आम्ही देतोच आहे." आणि कलम चार तसंच लिहिलं गेलं. झऱ्यावर पहिला हक्क वाड्याचा, पाइप लागण्याआधी होता तेवढा, पुरा. वाडा रोज ८,००० लिटर घेईल आणि बाकीचं गावाला वाहू देईल. जनावरं वाढली वा घटली तर दर पाच वर्षांनी आकडा पुन्हा बघायचा. गावचे दोघं ज्या गोष्टीसाठी इतके दिवस भांडत होते ती, म्हणजे 'झरा आमचा', त्यांनी अर्ध्या तासात सोडली. कारण लिटर मिळाले. माणसाला मालकी कितपत हवी असते आणि पाणी कितपत, हे मला त्या बाकड्यावर कळलं.

पंचायतीची कलमं मामांनी स्वतः सांगितली आणि मुलीनं टाइप केली. वाड्यावर पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या आणि म्हशींसाठी सिमेंटची डोण. पैसे पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतनं. त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते, त्यामुळे 'निधी नाही' हे म्हणता येत नव्हतं, हे मामांना आमच्या साहेबांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. व्हॉल्व्हच्या पेटीला दोन कुलपं, एक चावी वाड्याकडे, एक वॉटरमनकडे. कॅन भरायला ३१ सेकंदांच्या वर लागायला लागले की दुसऱ्या दिवसापासून गावाला पाच हजारी टँकरच्या दोन फेऱ्या, खर्च पंचायतीचा. टँकर गावाला, वाड्याला नाही. वरच्या रस्त्यानं टँकर चढतच नाही, ही साधी गोष्ट सात बैठकांत कुणाला सुचली नव्हती.

पीडीओ साहेबांनी अखेर एक मागितलं. शेवटी 'पंचायत सर्वतोपरी सहकार्य करील' हे एक वाक्य तरी राहू दे, ठरावाला शोभा येते. मामांनी ते लिहू दिलं, प्रिंट काढली, आणि लाल पेननं त्या ओळीवर काट मारून पान परत टाइपला दिलं. पानाचे पैसे मात्र लावले.

आणखी एक अडचण पहिल्याच ओळीत आली होती. मुलीनं वाड्याच्या लोकांना 'आदिवासी' लिहिलेलं. साहेब म्हणाले, यादीत नाहीत. ते खरंच होतं. सिद्दी लोकांना उत्तर कन्नडात २००३ ला अनुसूचित जमातीत घेतलं, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना २०२० मध्ये. गवळी-धनगरांची मागणी जुनी, पण यादीत नाव नाही. आजोबांना हे ऐकून वाईट वाटलं असावं, ते बाहेर जाऊन तंबाखू मळत बसले. मामांनी २००६ च्या वनहक्क कायद्यातला शब्द काढला. इतर पारंपरिक वननिवासी. त्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहिल्याचं दाखवावं लागतं. पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब चालतो, जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाची ठिकाणं चालतात. मामा बाहेर गेले आणि आजोबांच्या शेजारी बसून विचारलं, "तुमच्या आज्याला कुठं पुरलंय?" आजोबांनी तंबाखूची चिमूट हातातच धरून झऱ्याशेजारच्या तीन धोंड्यांची जागा सांगितली. ते तीन धोंडे कराराच्या नकाशात आहेत, मी स्वतः पट्टीनं काढलेत.

झरा वनखात्याच्या हद्दीत असल्यामुळे त्याच कायद्याच्या कलम ३(२) खाली ग्रामसभेची शिफारस घेऊन पाइपचा अर्ज वेगळा केला. पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन त्या कलमात बसते, जागा एक हेक्टरच्या आत हवी. आमची दोन इंची पाइपलाइन, एकही झाड पडलं नाही. या अर्जाचे दुकानानं फक्त ऐंशी रुपये घेतले. नोटरीचा शिक्का म्हणजे कायदा नव्हे हेही मामांनी तिन्ही पक्षांना बजावून सांगितलं. पंचायतीचा ठराव पाठीला जोडला तर त्या कागदाला पाठकणा, नाहीतर तो लग्नाच्या पत्रिकेएवढाच.

आता तारे का कापले ते.

पहिलं कारण मोठं आहे. करार दोन रकान्यांत, डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी. वाद झाला तर कन्नड धरायचं असं साहेबांनी घालून घेतलं, आम्हीही मान डोलावली. कलम चारमध्ये मराठीत 'पहिला हक्क'. कन्नडमध्ये हवं होतं 'मोदल हक्कु'. छापून आलं 'मोदलिन हक्कु'. म्हणजे पूर्वीचा हक्क. होता, आता नाही! एका 'इन'नं झरा गेला होता. सह्यांच्या आदल्या रात्री माझ्या सुनेनं पकडलं. तिचं माहेर बैलहोंगलचं, कन्नड शाळेत शिकलेली, भात टाकता-टाकता वाचत होती. मी सकाळी सातला शटरसमोर उभी. मामांनी चूक कबूल केली, मुलीला रागावले नाहीत, स्वतः बसून दोन्ही रकाने ओळ-ओळ मोठ्यानं वाचले. पण सहा पानांच्या कागदात अशी चूक गिऱ्हाइकानं शोधायची असेल तर एक तारा गेलाच. दोन भाषांत कागद करणार असाल तर दोन्ही वाचणारं माणूस घरचं न्या, दुकानाच्या भरवशावर राहू नका.

उरलेला अर्धा किरकोळ गोष्टींचा. दुकान दहाला उघडतं म्हणतात, साडेदहा होतात. वीज गेली की यूपीएस सात मिनिटं, आठव्या मिनिटाला काम गेलं. एकदा माझी दोन पानं अशी गेली आणि ती पुन्हा टाइप करायचे पैसे मागितले. दिले नाहीत. बायकांना बसायला जागा नाही, बाकड्यावर सगळे पुरुष, आणि स्वच्छतागृह विचारलं तर बसस्टँडकडे बोट. मामा फोन उचलत नाहीत. तापटही आहेत, 'तातडीचं आहे' म्हटलं की मुद्दाम हळू करतात.

कागदाचा पुढं काय उपयोग झाला ते विचाराल. जानेवारीत सह्या झाल्या. वाड्यावरच्या अकराही घरांच्या, आणि मी हट्टानं बायकांच्याही घेतल्या, कारण घागर त्यांच्या डोक्यावर असते. चार अंगठे, बाकी सह्या. टाक्या मार्चअखेरीला आल्या, डोण एप्रिलमध्ये. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कॅनला ३३ सेकंद लागले आणि वॉटरमननं पंचायतीत कळवलं. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा, आला चौथ्या दिवशी. मधले दोन दिवस गावात माणशी पन्नासेक लिटर आणि तोंडाला फेस. पोरं पुन्हा वर निघाली होती. मी कराराची लॅमिनेट केलेली नक्कल घेऊन देवळासमोर उभी राहिले आणि कलम सात वाचून दाखवलं. टँकर कुणी पाठवायचा? पंचायतीनं. मग वर कशाला चाललात? खाली चला. मेंबर असून मी माझ्याच पंचायतीवर तीस माणसं नेली. साहेबांनी माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. पण त्या रात्री पाइप कुणी तोडला नाही, आणि टेम्पोवाला खवा न्यायला वर गेला होता, हे मी खिडकीतनं पाहिलं. यंदा वळीव लवकर आला, त्यामुळे परीक्षाच झाली नाही.

जाणार असाल तर सोमवार टाळा, कचेरीत गर्दी असते आणि मामा आणखी चिडके. ई-स्टॅम्प आधी काढून ठेवा. आधीचे ठराव असतील तर सगळे न्या, ते वाचल्याशिवाय मामा कीबोर्डला हात लावत नाहीत. मोजमाप घेऊन जा, नाहीतर परत पाठवतील. आणि अंगठ्याची शाई घरनं न्या, त्यांचं पॅड केव्हाचंच सुकलेलं आहे. आमच्या आजोबांना तीनदा अंगठा दाबावा लागला, तरी तिसऱ्या प्रतीवर नुसता डाग आहे.